किनारे स्वच्छ हवेत, तर पांझरेच्या नाल्यांपासून सुरुवात करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूचा पारनाका या पाच किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. पाण्याची शुद्धता, कचऱ्याची व्यवस्था, पर्यटकांची सुरक्षितता अशा ३३ निकषांवर ते मिळते. आनंदाची बातमी आहे. पण हे सारे लहान गावांचे किनारे. वर्सोवा, जुहू, दादर किंवा सुरतचे डुमस अशा मोठ्या शहरांच्या किनाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यात खान्देशचाही वाटा आहे, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे समुद्र नाही हे खरे. पण गिरणा, वाघूर, पांझरा या सगळ्या तापीला मिळतात आणि तापी सुरतच्या खाली खंबातच्या आखातात जाते. सुरतच्या उधना आणि लिंबायतमध्ये पोटापाण्यासाठी गेलेली आपली हजारो अहिराणी बोलणारी माणसे राहतात. सुट्टीच्या दिवशी लेकराबाळांना घेऊन ती डुमसलाच जातात. मधल्या उकाई धरणात बराचसा कचरा अडतो, असे कोणी म्हणेल. अडतोही. पण तो अडतो त्याच फुगवट्यात नवापूर तालुक्यातले विस्थापित आदिवासी बांधव जाळी टाकतात. त्यांच्या जाळ्यात आमच्या घरच्या पिशव्या जाव्यात, हे मला तरी पटत नाही.

पांझरेचा पूर ओसरला की धुळ्यातल्या लहान पुलाखाली जाऊन पाहावे. वेड्या बाभळीच्या काट्यांना गुटख्याच्या पुड्या, निर्माल्यासकट बांधलेल्या पिशव्या आणि मखराचे थर्माकोल लटकलेले असते. हे निदान डोळ्यांना दिसते, हाताने उचलता येते. पण दुधाच्या पिशवीचा आपण रोज सकाळी कापून टाकतो तो नखाएवढा कोपरा? तो गाळात रुततो, पुढच्या पुरात सुटतो आणि किनाऱ्याला लागला तर वाळूतच मिसळून जातो. तिथे तो वेचायचा म्हणजे वाळू चाळावी लागते. यंत्राने सारखी वाळू उपसली तर खेकड्यांची बिळे आणि कासवांची घरटी मोडतात. म्हणून कोपरा पूर्ण न कापता पिशवीलाच लटकता ठेवावा, हे घरोघरी सांगायला हवे. त्याला एक पैसाही लागत नाही.

वर्सोव्याचा अनुभव या बाबतीत शिकण्यासारखा आहे. अफरोज शाह या वकिलांनी २०१५ मध्ये तिथे सफाई सुरू केली. रहिवासी आणि कोळी बांधव सोबत आले, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दखल घेतली आणि २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले दिसली. इतके होऊनही दर पावसाळ्यात लाटा नवा कचरा आणून टाकतच राहिल्या. शेवटी शाह यांनी मिठी नदीची सफाई हाती घेतली, कारण समुद्रात कचरा येतो तो नद्या-नाल्यांतूनच. मुंबईत आता काही नाल्यांवर तरंगते अडथळे बसवले आहेत. वाहत आलेला कचरा त्यांना अडतो, तिथून काढता येतो आणि त्याचे वजनही करता येते. हे तंत्रज्ञान फार अवघड नाही. देवपुरातून आणि जुन्या धुळ्यातून पांझरेत उतरणाऱ्या नाल्यांच्या तोंडाशी असे अडथळे पावसाळ्यापूर्वी का बसू नयेत?

वाळूचेही तसेच आहे. किनाऱ्याला वाळू मुख्यतः नद्याच पुरवतात. १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रह छायाचित्रांवरून देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजत असल्याचे राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने दाखवले आहे. झीज होण्याची कारणे अनेक. धरणांमागे वाळू अडते हे त्यातले एक मोठे कारण. पण गिरणेतून रात्रीतून वाळू उपसून नेणाऱ्यांना त्याआड लपता येणार नाही. उपग्रहाला किनारा दिसतो तसे गिरणेच्या पात्रातले खड्डेही दिसतात. ती छायाचित्रे गावोगावच्या ग्रामसभेत लावली पाहिजेत.

राहिला लोकसहभाग. तो शिकायला आपल्याला मुंबईला जायची गरज नाही. याच पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेली सिंचनाची व्यवस्था, चालत आली. बंधाऱ्याचे पाणी पाटकरी वाटायचा, जागल्या पिकाची राखण करायचा आणि त्यांचा मोबदला शेतकरी मिळून द्यायचे. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला ज्याचे शेत फडात, त्याच्या घरचे माणूस यायचेच. काम नेमून दिलेले होते, म्हणून ते झाले. आपल्या सफाई मोहिमा मात्र दोन ऑक्टोबरला निघतात, फोटो निघतात आणि तीन तारखेला नाला पुन्हा कोणाचाच नसतो. प्रत्येक नाल्याला एक पगारी पाटकरी नेमा. अडलेल्या कचऱ्याचे वजन आणि फोटो तो रोज मोबाइलवरून पाठवील. त्याचे मानधन महापालिका आणि काठावरच्या वसाहतींनी वाटून उचलावे. आमच्या गल्लीत मी हा विषय काढला तेव्हा बायकांनी सगळ्यात आधी होकार दिला.

धुळे आणि जळगाव महापालिकांनी यंदाच्या पावसाळ्याआधी निदान एकेका नाल्यावर हा प्रयोग करावा, ही माझी कळकळीची विनंती. आपल्याकडे, संपादक महोदय, एकच मागणे आहे: धरणांचा पाणीसाठा छापता तसे कोणत्या नाल्यातून किती किलो कचरा निघाला, हेही दर आठवड्याला छापा. वजनकाट्यापाशी उभे राहून आकडा लिहून घ्यायला आमच्या भागातली माणसे तयार आहेत.

आपली,
एक वाचक
देवपूर, धुळे