झाडणे वेगळे, शोधणे वेगळे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात नुकताच नौदलांच्या सुरुंगविरोधी जहाजांवर लेख आला. त्यात अशा जहाजाची ओळख ‘संथ, छोटे आणि नाममात्र तोफा असलेले’ अशी करून दिली आहे आणि लगेच त्याला ‘माइनस्वीपर’ म्हटले आहे. पहिले वर्णन खरे आहे, पण ते उणिवा मोजल्याच्या सुरात आले आहे. दुसरे चूकच आहे.

माइनस्वीपर समुद्र झाडतो. मागे तारा ओढून, तळाशी दोराने बांधून पाण्यात तरंगत ठेवलेल्या सुरुंगांचे दोर कापायचे, किंवा चुंबकीय क्षेत्र आणि आवाज निर्माण करणारी साधने ओढत नेऊन ‘मोठे जहाज आले’ असा सुरुंगाचा समज करून द्यायचा, ही त्याची रीत. पण सुरुंग बनवणारेही झोपलेले नव्हते. पहिली काही जहाजे मुकाट्याने जाऊ द्यायची आणि नंतरच्या जहाजाखाली फुटायचे, अशी मोजणी सुरुंगातच बसवली गेली. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यापाशी जर्मनांनी पाण्याच्या दाबातला फरक ओळखणारे सुरुंग टाकले. मोठे जहाज वरून जाताना दाब जसा घटतो, तसा तो ओढत्या साधनाने घटवता येणे जवळपास अशक्य. मग उरते ते एकच काम: तळावरची प्रत्येक संशयास्पद वस्तू गाठायची आणि ती काय आहे ते बघायचे. सुरुंगशोधक म्हणजे माइनहंटर, ते या कामाचे जहाज.

जहाज तिथे नाहीच, असे सुरुंगाला वाटावे, यासाठी माइनहंटरची सगळी घडण असते. पोलाद चुंबकत्व धरते, म्हणून ब्रिटिश नौदलाने फायबरग्लास निवडले. ‘विल्टन’ हे त्यांचे पहिले तसे जहाज १९७३ मध्ये सेवेत आले आणि पुढे ‘हंट’ व ‘सँडाउन’ हे वर्ग, म्हणजे एकाच आराखड्याच्या जहाजांचे गट, त्याच वाटेने गेले. जर्मनांनी चुंबकत्व न धरणारे खास पोलाद वापरले. अमेरिकेच्या ‘अ‍ॅव्हेंजर’ वर्गाचा सांगाडा तर चक्क लाकडी, वरून फायबरग्लासचा थर. अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौकांच्या काळात तेच नौदल लाकडी युद्धनौका बांधत होते, याची मला आजही गंमत वाटते. ‘सँडाउन’ वर्गाला जहाज पुढे ढकलणारा नेहमीचा पंखाही नाही. तळाशी उभ्या पात्यांची चक्रे फिरतात, त्यामुळे वारा आणि प्रवाह असतानाही जहाज एका जागी थोपवून धरता येते. शोधताना डिझेल इंजिने नव्हे, तर शांत विजेच्या मोटारी ते ढकलतात. अशा जहाजाचा वेग कमी म्हणून नाक मुरडणे म्हणजे घड्याळजी भरभर हात चालवत नाही म्हणून तक्रार करणे.

खरे काम सोनारच्या, म्हणजे ध्वनी सोडून पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्राच्या, पडद्यापुढे चालते. तळावरच्या वस्तूवरून ध्वनी परततो तेव्हा तिच्यामागे ध्वनी न पोहोचलेला काळा पट्टा, म्हणजे सावली दिसते. तिच्या लांबीवरून आणि आकारावरून वस्तूची उंची व ठेवण ताडता येते. पण बुडालेले पिंप, तुटका नांगर, गोल खडक, सगळ्यांच्या सावल्या फसव्या. शंका राहिली की कॅमेरा लावलेले छोटे पाणयान तारेने बांधून खाली सोडतात, किंवा पाणबुडे उतरतात. सुरुंगच निघाला, तर शेजारी स्फोटक ठेवून तो उडवतात. ‘सीफॉक्स’सारखी काही पाणयाने सुरुंगाबरोबर स्वतःही फुटतात. आणि हे सगळे करून वस्तू निघते गंजलेले पिंप, तेव्हा पुढच्या सावलीकडे वळायचे.

याचे मोल कळायला एकच तारीख पुरे. १८ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकने पर्शियन आखातात पेरलेल्या सुरुंगांवर काही तासांच्या अंतराने दोन अमेरिकी जहाजे सापडली. एक ‘प्रिन्स्टन’, त्या काळच्या सर्वांत आधुनिक रडारांपैकी एक वागवणारी क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका. दुसरे ‘ट्रिपोली’. सुरुंग झाडणारी हेलिकॉप्टरे याच ‘ट्रिपोली’वरून उडत होती!

ड्रोन आले, आता ही जहाजे मोडीत, हा लेखाचा शेवटही मला घाईचा वाटतो. बेल्जियम आणि नेदरलँड्स मिळून नवी जहाजे बांधत आहेत. त्यांतल्या ‘ओस्टेंड’चे जलावतरण २०२३ मध्ये झाले. ही जहाजे सुरुंगक्षेत्राबाहेर थांबून स्वयंचलित होड्या आणि पाणयाने आत पाठवतील. माणूस धोक्याबाहेर आला, हा फायदा मोठाच. पण ड्रोन खराब समुद्रात उतरवायचे, परत उचलायचे, त्यांनी आणलेली चित्रे तपासायची, तर जवळ जहाज लागतेच. शिवाय तीच सावली पिंपाची की सुरुंगाची, हा प्रश्न कायम आहे.

निदान लेखातल्या छायाचित्राखालचा ‘माइनस्वीपर’ हा शब्द तेवढा दुरुस्त करावा. त्या जहाजाच्या मागच्या डेकवर झाडायची तार कुठेच नाही. तिथे दिसते आहे ते पाणयान आहे.

आपला,
एक नियमित वाचक