साजाची पानं कागदावर घासून पाठव

फोर्त्सहाइम, जर्मनी
रविवार, रात्री

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर सगळं घाईत झालं, म्हणून आज नीट लिहिते. दादाचा मित्र परवा कोल्हापूरला निघतोय. त्याच्या हाती हे पत्र आणि तुझ्या नातीनं केलेली माळ पाठवतेय. माळ उजेडात धरून बघ. ती आपल्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाची आहे. मागच्या खेपेस तू लोणच्याच्या बरण्यांना गुंडाळून दिलेली पानं मी जपून ठेवली होती.

दर रविवारी दुपारी आपली मराठी पोरं आमच्याकडं जमतात, आठ-नऊ जण. पुस्तक काढलं की पेंगायची. आता ओवणं, गाठ, मणी, सुंभ, पत्रा असे शब्द हाताबरोबर तोंडात येतात. मणी करायला सोपा आहे. पानाची लांब त्रिकोणी पट्टी कापायची, एका टोकाला बोटभर रुंद आणि दुसरीकडं निमुळती. रुंद टोकाकडून दात कोरायच्या काडीवर घट्ट गुंडाळत यायचं, शेवटी फेविकॉल लावायचा आणि काडी हळूच ओढून घ्यायची. मधे फुगीर, दोन्हीकडं बारीक, अगदी जवमण्यासारखा मणी होतो. वरून पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात दिले की चकाकतो. पाणी लागलं की मात्र मऊ पडतो, तेव्हा माळ न्हाणीघरात नेऊ नकोस.

पट्टीचा मधला भाग सगळा आत दडतो. बाहेर दिसतात त्या फक्त कडा आणि शेवटचं टोक. हे पोरांच्या ध्यानात आलं आणि ती टोकावर काय यायला हवं ते आधी ठरवून पट्टी कापायला लागली. तुझ्या नातीनं लाल तारखा निवडल्यात. डावीकडून सातव्या मण्यावर लाल १४ आहे, ते एप्रिलचं पान.

मण्यांनंतर पोरांना पानं हवी झाली, आपल्या कोल्हापुरी साजात मण्यांमधे ओवतात तशी नक्षीची. त्याला पत्रा लागतो. थंड पेयाच्या डब्याला इथं कुणी कात्री लावू देत नाही, कारण रिकामा डबा दुकानात परत दिला की २५ सेंट मिळतात. मग दिवाळीत जळून गेलेल्या मेणाच्या पणत्यांच्या ॲल्युमिनियमच्या वाट्या काढल्या. वाटीचा तळ कापायचा, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवायचा आणि शाई संपलेल्या पेनानं पाठीमागून दाबत रेघा ओढायच्या. उलटा केला की नक्षी वर उठते. साजाचं पानही ठशावर पत्रा दाबूनच उठवतात ना, आणि आतून लाख भरतात. आम्ही कागदाचा लगदा भरतो.

पहिल्या रविवारी एका पोराचं बोट कापलं. चूक माझी. कडा मी तपासायला हव्या होत्या. आता प्रत्येक कड आत मुडपून पॉलिश पेपरनं घासल्याशिवाय पत्रा कुणाच्या हातात देत नाही. तीन वर्षांखालची भावंडं आली तर मणी आधी वर उचलून ठेवते, लगेच तोंडात घालतात.

या गावाला ‘सोन्याचं शहर’ म्हणतात, तुला ठाऊक आहे. ही सराफी सुरू झाली १७६७ साली, आणि ती अनाथाश्रमात. तिथल्या पोरांना घड्याळं आणि दागिने करायला बसवलं होतं. हे वाचल्यापासून मला आपल्या कोल्हापूरजवळची चांदीकामाची हुपरी आठवते. घराघरातून उंबऱ्यावर बसून पैंजणांचं काम करणाऱ्या बायका, आणि शेजारी बसून घुंगरू मोजणाऱ्या लेकी. दागिना गळ्यात पडायच्या आधी किती लहान हातांतून जातो, ते मला आता या पोरांबरोबर बसल्यावर उमगतंय. म्हणून दमलं की उठायचं, एवढाच आमच्या रविवारचा नियम.

गुजरीतल्या सराफ बाजारातले, दागिने ओवून देणारे ते पटवेकरी आठवतात? पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून तुझा साज गाठवून द्यायचे आणि मी त्यांच्या अंगठ्याकडंच बघत बसायचे. मी तसं करून दाखवलं, तर सगळी पोरं पाय पसरून बसली. खरंच गाठ पक्की बसते.

आता मुद्द्याचं. मी सांगून बसले की साजात २१ पानं असतात. दशावतारांची १०, अष्टमंगलाची ८, माणिक आणि पाचूचं एकेक, आणि डोरलं. ‘प्रत्येकावर काय असतं?’ पोरांनी विचारलं. मासा, कासव, चंद्र, शंख, बेलपान, कमळ, भुंगा, इथं मी अडकले. लग्नात तो साज तू स्वतः माझ्या गळ्यात घातलास, आणि संध्याकाळी टोचतो म्हणून मी तुला काढून दिला. तेव्हा पान न् पान विचारून घ्यायला हवं होतं, आई. फार लागलं मला ते.

तुझ्या साजात जेवढी पानं असतील तेवढ्यांवर पातळ कागद ठेव आणि शिसपेन आडवी धरून हलक्या हातानं घास. नक्षी कागदावर उतरते. फोटो नको, सोनं चमकतं आणि कोरीव काम दिसत नाही. प्रत्येकाखाली तुझ्या अक्षरात नाव लिही, आज्जी जे नाव घ्यायची तेच. बाबांना कागद धरायला सांग, नाहीतर सरकतो.

दादाचा मित्र २० दिवस तिथं आहे. निघायच्या आधी तो घरी येईल, त्याच्याकडं दे. यंदाचं कालनिर्णय संपलं की तेही ठेव. मार्चचं पान मला हवंय, गुढीपाडव्याचं.

बाबांना नमस्कार, वहिनीला आठवण.

तुझी,
लेक