लसूण न खाता

प्रिय मंजू,

दीपालीच्या श्वासाला लसणाचा वास यायला लागलाय. दुसऱ्या कुणाला हे लिहिलं असतं तर त्याने बडीशेप सुचवली असती. तू मात्र वाचून ताठ बसली असशील, म्हणून तुलाच लिहितेय. फोनवर बोलायची सोय नाही. सासूबाईंच्या कानावर 'विषारी' एवढा एक शब्द पडला तरी उद्या मला लॅबमध्ये जाऊ देणार नाहीत.

तब्येत बरी. गुडघा आहे तसाच, साखर काठावर.

दीपाली म्हणजे ती अकलूजकडची, माझ्याकडे टेल्युरियमवर संशोधन करणारी. तू सेमिनारला आली होतीस तेव्हा तुलाच उलटे प्रश्न विचारणारी. घर माळकरी. कांदेनवमीला भजी खाऊन झाली की कार्तिकीपर्यंत घरात कांदा-लसूण बंद. ही आषाढीला घरी गेली, आजीने कौतुकाने जवळ घेतलं आणि लगेच बाजूला ढकललं. "एकादशीला लसूण खाऊन आलीस व्हय गं?" पोरगी विठ्ठलाची शपथ घेतेय आणि आजी म्हणतेय, देवाला मध्ये घेऊ नकोस. देवघरात येऊ दिलं नाही. परत आल्यावर हे सगळं तिने आजीची नक्कल करत सांगितलं. लॅब खो खो हसली, मीही हसले. मग ती टीएलसीची (मिश्रणातले घटक वेगळे करून बघायची) प्लेट दाखवायला माझ्याजवळ वाकली आणि मला तो वास आला.

आपण सेलेनियमवर काम करायचो तेव्हाचा आपला वास निराळा होता गं. तो बाहेरचा. सेलेनोफेनॉल केसांत, ओढणीत, घड्याळाच्या पट्ट्यात बसायचा. ब्लीचच्या टबात भांडी बुडवली की भांड्यांचा जायचा, आपला जायचा नाही. चर्चगेट लोकलला शेजारची बाई उठून दारात जाऊन उभी राहायची आणि तू हळूच खिडकीकडे सरकायचीस. सेलेनियमने दुसरं काही दिलं नसेल, विंडो सीट दिली. सेलेनियम शोधणाऱ्या बर्झेलियसलासुद्धा १८१७ मध्ये स्वीडनमधल्या फालूनच्या गंधकाम्लाच्या गाळात मुळ्यासारखा वास आला आणि त्याला वाटलं, हे टेल्युरियमच. म्हणजे या दोन भावंडांची गल्लत पहिल्या दिवसापासून नाकानेच केलीय.

टेल्युरियमचा वास आतून येतो, मंजू. शरीर त्याला मेथिल गट चिकटवतं, डायमेथिल टेल्युराइड तयार होतं आणि ते श्वासातून, घामातून बाहेर पडत राहतं. दात घासा, वेलची चघळा, काही फरक नाही. टेल्युरियम दिलेल्या जनावरांना लसणाचा वास येतो हे ग्मेलिनने १८२४ मध्येच नोंदवलं होतं, आणि हा वास कशाचा ते हॉफमाइस्टरने १८९४ मध्ये सांगितलं. हे सगळं मी एम.एस्सी.च्या मुलांना दरवर्षी गंमत म्हणून सांगते. यंदा सांगवणार नाही.

दिवसा मी स्वतःला समजावते. कामाच्या जागी हवेत टेल्युरियमची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, आणि कारखान्यातल्या कामगारांना त्याहून कमीवरही वास आलेला आहे. म्हणजे घंटा लवकर वाजते, इजेच्या बरीच आधी. रात्री मात्र ते उंदीर आठवतात. आईचं दूध नुकतं सुटलेली उंदराची पिल्लं, खाण्यात टेल्युरियम, आणि काही दिवसांत पायाकडे जाणाऱ्या सायटिक नसेवरचं मायलिन, म्हणजे नसेचं आवरण, सोलून निघालेलं. कोलेस्टेरॉल बनायच्या वाटेवर स्क्वालीनच्या पुढची पायरीच बंद पडते, कोलेस्टेरॉल बनत नाही, मायलिनला मालच मिळत नाही. त्या पिल्लांच्या खाण्यात टेल्युरियम टक्क्याच्या वर होतं आणि नंतर मायलिन परत भरूनही आलं, हे मला माहीत आहे. पण रात्री दोन वाजता टक्केवारी कुणाला आठवते? काल मी तिला उगाच विचारलं, "पायांना मुंग्या येतात का गं?" ती म्हणाली, "तुमच्या ग्रुप मीटिंगला बसल्यावर येतात."

लिव्हर, किडनी सगळं तपासून घेतलं, ठीक आहे. डॉक्टरांनी विचारलं, "आहारात लसूण जास्त आहे का?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की त्यांना राग आला. जुन्या पेपरांत क जीवनसत्त्वाने वास कमी होतो असं आहे. मी दिलं नाही. वास बंद करून मला काय करायचंय? तो एकच तर सांगतोय, किती उरलंय ते.

आलं कुठून, तेही उघड आहे. टेल्युरियमची पूड. ग्रिन्यार्डवर (मॅग्नेशियमच्या अभिकारकावर) टाकायची, हवा सोडायची, लालसर डायटेल्युराइड बाहेर. पुढचं सगळं ती हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करते, पण वजनकाटा हूडबाहेर, आणि हूडच्या ब्लोअरची मोटर जळून टेंडरची फाइल कुठल्याशा टेबलावर झोपलीय. हूड आहे, ओढ नाही.

तू म्हणशील, मग बंद कर. इथेच तर अडलंय.

पेशींना घातक पेरॉक्साइड संपवायला बनवलेला तिचा रेणू चालतोय, मंजू. नुसता चालत नाही, पळतोय. तोच सांगाडा, तीच अमाइनची शेपटी, सेलेनियम घातलं तर पेरॉक्साइड संपवायला दुपारभर रखडतो. टेल्युरियम घातलं तर चहा निवायच्या आत बेसलाइन. पेरॉक्साइडने टेल्युरियम द्वि-वरून चतु:संयुजी होतं, गंधकवालं थायॉल त्याला परत खाली आणतं, आणि चक्र कुठेही न अडकता फिरतं. एन्गमननी स्वीडनच्या उप्सालात डायअरिल टेल्युराइडांवर जे केलं त्याच्या पुढचं पाऊल आहे हे. तिला टेल्युरियम-१२५ च्या एनएमआरमध्ये (चुंबकीय वर्णपटात) मधली अवस्था दिसलीय, निसर्गात जेमतेम सात टक्के असलेल्या समस्थानिकावर रात्र रात्र स्कॅन लावून. मी म्हटलं, सेलेनियमवर ये, तिथेही पेपर होईल. तर म्हणाली, "मॅडम, सेलेनियमचं पवईत झालंय, बंगळूरला झालंय, ट्रॉम्बेला तर उंदरांना देऊन झालंय. मी काय, त्याच्यात एक क्लोरीन लावू?"

खरंच आहे ना. पवईच्या आयआयटीतून हरकेश सिंगांच्या हाताखाली शिकून मुगेश बंगळूरला गेले आणि शरीरात पेरॉक्साइड संपवणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराची नक्कल करणाऱ्या रेणूंचं केवढं काम उभं केलं. ट्रॉम्बेच्या बीएआरसीत सेलेनियमचं डायसेलेनोडायप्रोपिऑनिक आम्ल किरणोत्सर्गापासून वाचवतं का, ते तपासून झालं. आता उरलंसुरलं वेचायला मीही कुणाला सांगणार नाही.

(सेलेनियमच्या एबसेलेनचं औषध होईल की नाही, ही पैज विसरलेली नाही. १९२४ मध्ये बनलेला रेणू, १९८४ मध्ये त्याची किंमत कळली, जपानात पक्षाघातावर चाचणी झाली, आणि अजून औषधाच्या दुकानात नाही. पैज तू जिंकतेयस. पण २०२० मध्ये 'नेचर'मध्ये कोरोनाच्या प्रोटिएज या विकरावर तोच वर आला तेव्हा तू फोनवर "तो दिसेल त्या प्रथिनातल्या सिस्टीनशी लगट करतो, त्याचं काय घेऊन बसलीस" म्हणालीस, ते निव्वळ जळफळाटातून. पैजेची मस्तानी अर्धी-अर्धी.)

आता खरं सांगते. तिने नाही म्हटल्यावर माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. "अगं, तुझं लग्न व्हायचंय अजून."

आठवलं? आपल्या गाइड सरांचं कपाट, टेल्युरियमच्या बाटल्या, किल्ली त्यांच्या खिशात. आपल्याबरोबरच्या प्रसादला दिली आणि तुला नाही. "तुमची लग्नं व्हायचीत." तू महिनाभर त्यांच्याशी बोलली नाहीस, सिनॉप्सिसही टेबलावर ठेवून निघून यायचीस. मी तुझ्या बाजूने तावातावाने भांडले होते. तू त्या रागातच फार्मात गेलीस असं मला वाटतं, तू कबूल करत नाहीस ते सोड. सर दुष्ट नव्हते गं. आता कळतं की घाबरले होते. पण भीती त्यांची आणि त्यासाठी थांबायचं तू, हा व्यवहार मला तेव्हाही मान्य नव्हता, आजही नाही. आणि किल्ली आता माझ्या खिशात आहे. मी ते वाक्य गिळलं आणि म्हटलं, "ब्लोअर येईपर्यंत पूड उघडायची नाही, मुलगा असो की मुलगी." प्रसादच्या अंगाला वास आला नव्हता का? आला होता. त्याला सगळे 'चिवडा' म्हणायचे, एवढंच.

तर सध्या तिला बनवून ठेवलेल्या नमुन्यांवर गतिकीच्या (अभिक्रियेच्या वेगाच्या) मोजण्या करायला लावलंय. चिडलीय. फेलोशिपचे महिने मोजून दाखवते. घरी कळवायचं म्हटलं तर हात जोडते: बाबांना कळलं की सामान भरून नेतील. सज्ञान मुलगी आहे, शरीर तिचं, मी कोण कळवणारी? आणि उद्या काही झालं तर तिच्या आजीपुढे कुठल्या तोंडाने उभी राहू? रोज सकाळी एक उत्तर पक्कं करते आणि संध्याकाळपर्यंत ते उलटं होतं. तू नेहमी माझ्या विरुद्ध बोलतेस, म्हणून तुझं मत हवंय.

शिवाय एक काम. तुमच्याकडे जुना ग्लव्ह बॉक्स (हातमोज्यांतून आत काम करायची बंद पेटी) मोडीत निघतोय असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. गळका असला तरी चालेल, वजनकाटा आत बसला म्हणजे झालं. देणगी म्हणून देता येत असेल तर पत्राचा मसुदा पाठव, मी इकडून शिक्के गोळा करते.

तुझ्या बढतीचं कळलं, मनापासून आनंद झाला, सविस्तर नंतर. इराचं बारावीचं टेन्शन तू घेऊ नकोस, ती घेत नाहीये. अण्णा अजून त्या सेलेनियमच्या गोळ्या घेतात का? त्यांना सांग, अमेरिका-कॅनडात ३५,५३३ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली, त्यात सेलेनियम रोज २०० मायक्रोग्रॅम, आणि प्रोस्टेटला काडीचा फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. माझं ऐकणार नाहीत, तू माझं नाव न घेता सांग.

ग्लव्ह बॉक्सचं माप आधी कळव. आमच्या लॅबचं दार तीन फुटी आहे.

तुझी,
शुभा