आजी, तांदळाचा दाणा लागेल ते बटण नागपूरचं

एर्लांगन, जर्मनी
२३ नोव्हेंबर

प्रिय आजी,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र आई तुला वाचून दाखवेल. आई, मधलं काही गाळू नकोस. वायफायचा भाग आला की बाबांना हाक मार, तेवढा त्यांच्यासाठी आहे.

आजी, दिवाळीत फोनवर तू सहज बोलून गेलीस, "रेडिओ काय गं, कोणी लावून दिला तर ऐकते." आणि लगेच चिवड्यात फल्लीदाणे किती घातले ते सांगायला लागलीस. माझ्या मनातून मात्र ते वाक्य काही जाईना. तुझ्या रेडिओवर आमचं सगळं घर उठायचं. भक्तिसंगीत सुरू झालं की आंघोळी, बातम्या लागल्या की डबे भरायचे, आणि बातम्या संपल्या तरी मोजे सापडले नाहीत तर तुझी हाक यायची. त्याच तुला आता रेडिओ लावायला कोणाची तरी वाट पाहावी लागते.

दादानं फोनवर आकाशवाणीचं ॲप टाकून दिलं, ते त्यानं मायेनंच केलं. पण फोनची काच सगळीकडून सारखीच गुळगुळीत. दिसत नसलं की बोट कुठे टेकवायचं ते कळणार कसं? मध्येच कोणाचा फोन आला की गाणं बंद. चुकून हात लागला की बंद. मग दादा ऑफिसातून परत येईपर्यंत तुझी खोली गप्प.

म्हणून मी तुझ्यासाठी इंटरनेट रेडिओ घेतलाय. माझ्या ऑफिसातली मैत्रीण डिसेंबरमध्ये वर्ध्याला, माहेरी येतेय. ती जाता जाता नागपूरला, महालातल्या आपल्या घरी आणून देईल. दिसायला तो रेडिओच आहे. लाकडी पेटी, पुढे जाळी, उजवीकडे एक मोठी फिरकी आणि खाली एका ओळीत चार बटणं. फरक इतकाच, की हा हवेतून मीडियम वेव्ह पकडत नाही, घरातल्या वायफायमधून आवाज घेतो. त्यामुळे केंद्र कुठलंही असो, नागपूर, मुंबई की इथलं न्यूरेम्बर्ग, सगळं त्याला सारखंच जवळ.

आधी मी इथे जुन्या वस्तूंच्या बाजारात असाच एक रेडिओ स्वस्तात घेतला होता. घरी आणून लावला, दिवा लागला, पण केंद्रांची यादीच उघडेना. इंटरनेट रेडिओला स्वतःला केंद्रांचे पत्ते पाठ नसतात. तो बनवणाऱ्या कंपनीचा एक सर्व्हर असतो, त्याला विचारून तो यादी आणतो. त्या कंपनीनं सर्व्हरच बंद केला होता, आणि धडधाकट रेडिओ मुका झाला होता. मला फार वाईट वाटलं. हातानं पत्ते भरून पाहिले. दोन-तीन युरोपातली केंद्रं लागली, आकाशवाणी काही लागेना. आकाशवाणीचा आवाज इंटरनेटवर काही काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो, आणि जुन्या यंत्रांना ते तुकडे जोडता येत नाहीत. तुझ्यासाठी नवा घेताना मी आधी दुकानातच तो सुरू करायला लावला, नागपूर लागलेलं ऐकलं आणि मगच पैसे दिले. दुकानदार बिचारा पाच मिनिटं आपल्याकडचं शेतीविषयक बोलणं ऐकत उभा होता. एक शब्द कळत नसताना मान डोलवत होता.

आणि आजी, तो आजोबांचा फिलिप्सचा सेट कृपा करून कोणाला देऊ नका. बाबा म्हणतात तो बिघडला, नुसता खरखरतो. तो बिघडलेला नाही. आठवतं, मागच्या मे महिन्यात मी आले होते तेव्हा दुपारी लाइन गेली होती? कुलर थांबला, पंखा थांबला, आणि सेलवर चाललेला तोच रेडिओ एकदम असा स्वच्छ बोलायला लागला की तू म्हणालीस, "हे पहा, याच्या अंगात आलं." गल्लीतली लाइन गेली आणि खरखर गेली. मीडियम वेव्हला विजेच्या उपकरणांचा त्रास होतो. एलईडीच्या ट्यूब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, कुलरची मोटर, यांतल्या पुष्कळशा उपकरणांतून त्याच पट्ट्यात कचरा सुटतो. आजोबांनी बर्डीच्या बाजारातून सेट आणला तेव्हा घरात चार बल्ब आणि एक पंखा होता. सेट तोच आहे, सभोवार गर्दी वाढली. कधी गच्चीवर नेऊन लावून पहा बाबा, घरातल्यापेक्षा बरा लागेल. त्या सेटसोबत लोखंडी कपाटात लायसन्सचं पुस्तक आहे, पोस्टात पैसे भरून तिकिटं चिकटवलेलं. तेही जपून ठेवा. रेडिओ ऐकायला सरकारचा परवाना लागायचा हे माझ्या इथल्या मैत्रिणींना खरं वाटत नाही.

इथे तर मीडियम वेव्ह जवळपास संपलीच. डॉइचलांडफुंक म्हणून यांचं देशभर ऐकलं जाणारं केंद्र आहे, त्यांनी २०१५ च्या शेवटच्या दिवशी आपली मीडियम वेव्ह बंद केली. नागपूरला मीडियम वेव्हचा मान काही औरच होता. १९८८ साली आकाशवाणीची रात्रीची राष्ट्रीय सेवा सुरू झाली ती आपल्या नागपूरच्या १,००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून, देशाच्या मध्यावरून सगळीकडे आवाज पोहोचावा म्हणून. आजोबा झोप लागत नसली की तीच ऐकायचे. २०१९ मध्ये ती सेवा बंद झाली, तेव्हा आजोबा नव्हते. मला अजूनही हळहळ वाटते.

तुला तर ५८५ किलोहर्ट्झ हा आकडा रामरक्षेसारखा पाठ आहे. "पाचशे बारा पूर्णांक आठ मीटर्स" तू निवेदिकेच्या आधी म्हणायचीस. सिव्हिल लाइन्समधलं ते केंद्र १९४८ साली सुरू झालं, म्हणजे तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस.

आता एक गंमत सांगते. मी ज्या गावात राहते, त्याचा तुझ्या या नव्या रेडिओशी संबंध आहे. इथल्या फ्राउनहोफर संस्थेत आणि विद्यापीठात कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी आवाज कमी जागेत बसवण्याची पद्धत काढली. १९९५ च्या जुलैत त्यांनी आपल्या फाइलींना एमपी३ हे आडनाव ठरवलं. आताच्या पद्धती पुढच्या आहेत, पण कुळ तेच. युक्ती काय, ते तुला कुलरवरून लगेच कळेल. कुलर भरधाव सुरू असला की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते का? येत नाही. घड्याळ थांबलेलं नसतं, पण मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो. मग जो आवाज कानाला कळणारच नाही, तो पाठवायचाच कशाला? तेवढा वगळायचा आणि उरलेला पाठवायचा. अशानं गाणं दहाव्या-अकराव्या हिश्शात बसतं आणि नेटच्या तारेतून अडखळत नाही. मी रोज ऑफिसला जाते त्या सायकलच्या वाटेवर ती संस्था लागते, आणि हल्ली तिथून जाताना मला तुझा कुलर आठवतो.

बाबा, आता तुमचं काम. प्लग इथला दोन गोल पिनांचा आहे, आपल्या सॉकेटात बसतो, आणि व्होल्टेज दोन्हीकडे २३० च, त्यामुळे काही बदलायला नको. राउटर बैठकीत आहे आणि आजीची खोली मागे, मध्ये वाड्याच्या दोन हात जाड भिंती. राउटरवर दोन वायफाय दिसतील. त्यातलं २.४ गिगाहर्ट्झचं निवडा, ५ चं नको. ५ चं वेगवान असतं पण भिंतीपुढे हार मानतं. पासवर्ड फिरकी फिरवून एकेक अक्षर भरावा लागतो, चिडू नका, एकदाच करायचंय. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. रेडिओ सुरू आणि राउटर बंद असं झालं तर आजीला वाटेल आपलंच काही चुकलं. रेडिओ स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवू नका, मायक्रोवेव्ह सुरू झाला की २.४ ला अडथळा येतो. डेटाची काळजी करू नका. चांगल्या आवाजाचं केंद्र तासाला ५० ते ६० एमबी घेतं. दिवसातले सहा तास धरले तरी महिन्याला दहा जीबीच्या आसपास. दादा एका क्रिकेटच्या मालिकेत यापेक्षा जास्त उडवतो.

एखाद्या दिवशी केंद्र लागलं नाही तर रेडिओ मोडला असं समजू नका. आकाशवाणीनं पत्ता बदलला असेल. मला फोनवर सांगा, मी इथून नवा शोधून देईन.

आता आजी, तुझं. चार बटणांवर चार केंद्रं मी भरून ठेवली आहेत. बटणांवर आकडे छापलेत, पण ते तुला दिसणार नाहीत. मी पुष्कळ विचार केला. मग डोळ्यांपुढे आलं, तू अजूनही तांदूळ निवडतेस ना, ताट मांडीवर घेऊन, डोळे भलतीकडे आणि बोटं दाण्यांत. खडा लागला की बरोबर बाजूला निघतो. तुझ्या बोटांना काय दिसत नाही!

पहिल्या बटणावर मी तांदळाचा एक दाणा चिकटवलाय. तू पाठवलेल्या चिन्नोरचाच आहे. ते नागपूर. दुसऱ्यावर तुरीची डाळ, सपाट बाजू खाली. ती विविध भारती. तिसऱ्यावर बरबटीचा अर्धा दाणा, ते मुंबईचं अस्मिता केंद्र. चौथ्यावर काहीच नाही, गुळगुळीत. तिथे रागम् आहे, आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची वाहिनी, २०१६ पासून चोवीस तास चालते. तुला शनिवारच्या रात्रीची वाट पाहत बसावी लागायची, आता दुपारी तीनलाही सतार ऐकता येईल. दाण्यांवर नेलपॉलिशचे दोन हात दिलेत, पाण्याचा हात लागला तरी निघणार नाहीत. एखादा निघालाच तर आईकडून दुसरा चिकटवून घे, पण तांदळाच्या जागी तांदूळच.

फिरकी उजवीकडे वळवली की मोठा आवाज, डावीकडे लहान, आणि आत दाबली की बंद. पुन्हा दाबली की सुरू. बटण दाबल्यावर लगेच आवाज येणार नाही. पाच-दहा सेकंद थांब, तो थोडा आवाज आधी गोळा करून ठेवतो. जुन्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओंनाही तापायला वेळ लागायचाच की.

एक मात्र लक्षात ठेव. बातम्यांआधीच्या टिकटिकेवर घड्याळ लावू नकोस. इंटरनेटवरून आवाज उशिरा पोहोचतो. मागे बाबांनी फोन रेडिओजवळ धरला होता, तेव्हा तुमच्या रेडिओवर निवेदकाचं "नमस्कार" होऊन गेलं आणि माझ्याकडे ते अर्ध्या मिनिटानं आलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. हा रेडिओ आला त्या रात्री मी झोपलेच नाही. आता आपल्यात साडेचार तासांचं अंतर आहे. तुमच्याकडे सकाळचे पाच पंचावन्न म्हणजे इथे रात्रीचा एक पंचवीस. बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. मी रजई घेऊन खिडकीपाशी बसले आणि तांदळाच्या दाण्यावर बोट ठेवलं. थोडा वेळ काही नाही, आणि मग ती आकाशवाणीची धून. व्हायोलिन, मागे तंबोरा. माझा गळा भरून आला. ही धून बांधणारा वॉल्टर कॉफमन इथून जवळचाच. सीमेपलीकडच्या, आता चेक देशात असलेल्या कार्ल्सबादला १९०७ साली जन्मलेला ज्यू संगीतकार. हिटलरचं राज्य आलं तेव्हा, १९३४ मध्ये, जीव वाचवून मुंबईला आला, आकाशवाणीत नोकरीला लागला, आणि शिवरंजनीचे सूर घेऊन त्यानं ही धून केली. इतकी वर्षं तू पहाटे ती ऐकत आलीस, चहाचं आधण ठेवता ठेवता. धूनमागून "आकाशवाणीचं हे नागपूर केंद्र आहे" आलं आणि मला तुझ्या खोलीतला धुपाचा वास आल्यासारखं झालं. खरंच आला.

मैत्रीण १४ डिसेंबरला पोहोचेल. बाबांना वायफायचं जोडायला संध्याकाळ पुरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला उठवू नकोस, हाक मारू नकोस. तुझी तू ऊठ, हात पुढे कर, डावीकडून पहिलं बटण, तांदळाचा दाणा. पाच पंचावन्नला दाब. मी इथे जागी असेन, माझ्या फोनवरही नागपूरच लागलेलं असेल. धून संपल्यावर फोन करते.

आईबाबांना नमस्कार, दादाला आशीर्वाद नको, तो मोठा आहे, त्यालाही नमस्कारच. संत्री आली असतील, माझ्या वाटची तू खा.

तुझी
छोटी