परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: खासगी फोनमधला राजनय सरकारी दप्तरात आणा

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: परराष्ट्र व्यवहाराविषयीची खासगी पत्रे व मेसेज यांची नोंद आणि जतन

महोदय,

वकिलातीतून मुख्यालयाला गेलेल्या तारेला क्रमांक असतो, गोपनीयतेचा दर्जा असतो, तिच्या प्रती कोणाकोणाला गेल्या याची यादी असते. त्याच राजदूताने त्याच रात्री यजमान देशाच्या मंत्र्याला फोनवरून पाठवलेल्या चार ओळींना यातले काहीच नसते. आणि पुष्कळदा खरा निरोप त्या चार ओळींतच असतो: कोणती अट सोडायला आपण तयार आहोत, संयुक्त निवेदनातले कोणते वाक्य त्यांना खुपते आहे, भेट कोणाला वगळून व्हावी. या ओळी सरकारी दप्तरात याव्यात म्हणून आपल्या मंत्रालयाने एक कार्यालयीन आदेश काढावा, एवढीच आमची मागणी आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ मध्ये अभिलेखाची व्याख्या पुरेशी रुंद आहे. कागद, फाइल आणि मायक्रोफिल्म यांच्या जोडीला संगणकाने किंवा अन्य कोणत्याही उपकरणाने तयार झालेले साहित्यही तीत येते. मोबाइल हे असेच एक उपकरण आहे, आणि तो कोणी विकत घेतला याला आमच्या मते महत्त्व नाही. मजकूर सरकारी कामाचा आहे की नाही हे पाहायचे. कलम ८ नुसार विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट करता येत नाही. तसे केल्यास कलम ९ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. व्हॉट्सअॅपवर मेसेज २४ तासांत, ७ दिवसांत किंवा ९० दिवसांत आपोआप नाहीसे करण्याची सोय आहे. सरकारी बोलण्यासाठी ती चालू ठेवणे म्हणजे रोज थोडे थोडे दप्तर जाळणे. त्यात हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. कोणीतरी ग्रुप उघडताना ती सोय चालू करतो आणि मग तिची आठवण कोणालाच राहत नाही.

अशा खासगी लिखाणाचे वजन किती असते, हे आपल्याला आम्ही सांगायला नको. २ नोव्हेंबर १९१७ चे, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासाला पाठिंबा देणारे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचे पत्र एका खासगी नागरिकाला, लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांना लिहिलेले होते. मक्केचे शरीफ हुसेन आणि इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहोन यांची अरबांच्या स्वातंत्र्याविषयीची १९१५-१६ मधली पत्रे ब्रिटिश सरकारने अधिकृतपणे छापली ती १९३९ मध्ये. तोवर कोणी कोणाला काय कबूल केले यावर दोन दशके वाद चालला होता. आपल्याकडे सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी पंतप्रधानांना तिबेट आणि चीनविषयी लिहिलेले पत्र टिकले, म्हणून त्या वेळी मंत्रिमंडळात मतभेद काय होते यावर आज पुराव्यानिशी बोलता येते.

१९ नोव्हेंबर १९६२ ची गोष्ट वेगळी आहे. चीनशी युद्ध चालू असताना त्या दिवशी पंडित नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रे पाठवून लढाऊ विमानांच्या किमान १२ तुकड्या आणि बी-४७ बॉम्बर विमानांच्या दोन तुकड्यांसह हवाई मदत मागितली. वॉशिंग्टनमधले आपले राजदूत बी. के. नेहरू यांनी यांतले एक पत्र सहकाऱ्यांनाही न दाखवता मेजाच्या खणात कुलपात ठेवले; हे त्यांनीच पुढे नोंदवले आहे. त्यांची व्यथा समजण्यासारखी होती. पण परिणाम असा झाला की आपल्या पंतप्रधानांचे पत्र वाचायला अभ्यासकांना बॉस्टनचे केनेडी ग्रंथालय गाठावे लागले. ज्या देशाकडे प्रत जपलेली असते, त्याच्या सोयीने इतिहास लिहिला जातो.

सिमल्याचे उदाहरण तर आजही टोचते. जुलै १९७२ च्या करारापलीकडे नियंत्रण रेषेविषयी इंदिरा गांधी आणि झुल्फिकार अली भुत्तो यांच्यात तोंडी समजूत झाली होती, असे पंतप्रधानांचे तेव्हाचे सचिव पी. एन. धर यांनी १९९५ मध्ये लिहिले. पाकिस्तानी बाजूने ते नाकारले. दोन्ही नेत्यांच्या सहीचा किंवा दोघांनी मान्य केलेला कागद नाही. दुसऱ्या बाजूला दाखवायचा कागद नसेलही, पण बोलणे संपल्यावर त्याच रात्री आपल्या बाजूने लिहिलेले, वेळ आणि उपस्थितांची नावे असलेले टिपण तरी पुढच्या वाटाघाटी करणाऱ्याच्या हाती पडायला हवे. तेवीस वर्षांनी आठवणीतून लिहिलेल्या लेखाला ते वजन येत नाही.

अशी नोंद ठेवली तर गुप्त बोलणी अशक्य होतील, हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचा पत्रव्यवहार त्याला उत्तर आहे. २९ सप्टेंबर १९६१ रोजी ख्रुश्चेव्ह यांनी तो खासगी म्हणून सुरू केला, पत्रे विश्वासू माणसांच्या हातून जात, आणि क्यूबातली क्षेपणास्त्रे मागे घेण्याची वाट दिसली ती ख्रुश्चेव्ह यांच्या २६ ऑक्टोबर १९६२ च्या गोपनीय पत्रात. तेव्हा जगाला त्यातले फारसे कळले नाही. तरी प्रत्येक पत्र जपले गेले आणि १९९६ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने ही देवाणघेवाण एका खंडात छापली. कागद कोणी पाहावा आणि कागद असावा की नाही, हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. आपल्या कायद्याचे कलम १० तर गोपनीय शिक्का असलेला अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाऊच देत नाही. तेव्हा नोंद केल्याने उद्या काही फुटेल, ही भीती निराधार आहे.

आता कामाचे बोलू. अमेरिकेने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून एक साधा नियम घातला: खासगी खात्यावरून सरकारी कामाचा संदेश पाठवला तर त्याच वेळी त्याची प्रत सरकारी खात्यावर टाका, नाहीतर २० दिवसांत पूर्ण प्रत तिथे पाठवा. हाच नियम आपण घ्यावा. २० दिवस ही मुदत बरोबर आहे. दौऱ्यावरचा माणूस परत येऊन बसतो, आणि संदर्भ अजून त्याच्या लक्षात असतो.

काय नोंदवायचे, याची कसोटी आदेशात स्पष्ट हवी. मेसेजमध्ये भारताची भूमिका सांगितली आहे का, काही देऊ केले, मागितले किंवा स्वीकारले आहे का, तारीख वा अट ठरली आहे का, आणि उद्या या खुर्चीत बसणाऱ्याला हे न कळल्याने त्याची अडचण होईल का? यांतल्या एका जरी प्रश्नाचे उत्तर हो असेल तर नोंद व्हावी. दिवाळीच्या शुभेच्छा आणि प्रकृतीची विचारपूस वगळा.

प्रत कशी घ्यायची, इथे सर्वांत जास्त चुका होतात. स्क्रीनशॉट पुरेसा नाही. त्यात बहुधा पूर्ण तारीख नसते, समोरच्याचा नंबर दिसत नाही आणि मजकूर शोधता येत नाही. चॅट एक्स्पोर्ट केल्यास मजकुराची फाइल मिळते, पण तिच्याही खोडी आहेत. नावे फोनमध्ये जशी साठवली असतील तशी येतात, म्हणजे ‘सर’ किंवा ‘आर. के. नवीन नंबर’ एवढेच. वेळ फोनच्या घड्याळाप्रमाणे लागते, त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या प्रतीत आणि दिल्लीत काढलेल्या प्रतीत हिवाळ्यात साडेदहा तासांचा, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक पडू शकतो; वाटाघाटीत कोणता प्रस्ताव आधी आला हे त्यावरून उलटे दिसेल. पुसलेल्या मेसेजच्या जागी तो पुसल्याची ओळ राहते, दुरुस्त केलेल्याचा मूळ मजकूर मिळत नाही. म्हणून प्रत्येक एक्स्पोर्टसोबत अर्ध्या पानाचे टिपण जोडणे सक्तीचे करा: कोणाशी, कोणत्या पदावर असताना, कोणत्या विषयावर, प्रत कोणत्या शहरात आणि कधी काढली, कोणती व्हॉइस नोट किंवा जोडपत्र सुटले. व्हॉइस नोटचा मजकूर लिहून काढावा आणि मूळ आवाजही ठेवावा. फाइल दाखल होतानाच तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून संगणकाने काढलेला ठशासारखा संकेतांक, टिपणात लिहिला, तर पुढे कोणी एक अक्षर बदलले तरी कळेल. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७ इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे मूळ, गंतव्य, दिनांक आणि वेळ ओळखता येईल असे जतन मागते. त्यातली बरीचशी गरज हे टिपण भागवते.

दाखल कुठे करायचे, हेही तितकेच महत्त्वाचे. परमगुप्त आणि गुप्त दर्जाचा मजकूर साध्या ई-ऑफिसमध्ये, म्हणजे सरकारच्या नेहमीच्या संगणकीय फाइल प्रणालीत, टाकणे हा सुरक्षेचा भंग ठरेल. त्याची जागा इंटरनेटपासून तोडलेल्या बंद संगणक जाळ्यावर किंवा सीलबंद कागदी फाइलमध्ये आहे. साध्या फाइलवर ‘या तारखेचा संदेश अमुक ठिकाणी ठेवला आहे’ एवढी एक ओळ राहू द्या. ती ओळ नसली की सीलबंद पाकीट कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

बदली किंवा निवृत्तीच्या वेळी निवड कोण करतो, याकडे विशेष लक्ष द्यावे. अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या खासगी सर्व्हरवरचे सुमारे ५५ हजार पाने भरतील इतके ईमेल परराष्ट्र खात्याला कागदावर छापून दिले. कोणते सरकारी आणि कोणते खासगी हे त्यांच्याच वकिलांनी ठरवले होते. कागदावर आल्याने ईमेलसोबतची तांत्रिक माहिती गेली, आणि निवडीवर वर्षानुवर्षे कोणाचा विश्वास बसला नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नल या मेसेजिंग अॅपवर झाली, चुकून एक पत्रकार त्या ग्रुपमध्ये होता, आणि काही मेसेज एका आठवड्यात पुसले जाण्यासाठी लावले होते. ते जपा, असे न्यायालयाला सांगावे लागले. युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांनी लस कंपनीच्या प्रमुखांना पाठवलेले मेसेज आपल्याकडे नाहीत, असे आयोगाने सांगितले. १४ मे २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने ते स्पष्टीकरण अपुरे ठरवले. आपल्याकडे कार्यभार सोडताना, संबंधित व्यक्ती आणि मंत्रालयाचा अभिलेख अधिकारी यांनी एकत्र बसून यादी करावी, आणि ती पूर्ण झाल्यावरच फोन बदलावा.

याच्याच जोडीला वर्गीकरण उतरवण्याचे, म्हणजे जुन्या अभिलेखांचा गोपनीयतेचा दर्जा कमी करण्याचे, काम आहे. सार्वजनिक अभिलेख नियम, १९९७ नुसार अवर सचिवापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी नेमून दर पाचव्या वर्षी गोपनीय अभिलेखांची छाननी करायची आहे. छाननी झाली नाही तर शिक्का तसाच राहतो, कलम १० मुळे फाइल हलत नाही, आणि तीस वर्षांनी अभ्यासकांना पाहू देण्याची तरतूद कागदावरच राहते. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या तत्कालीन महासंचालकांनी जाहीरपणे सांगितले की केंद्राच्या १५१ मंत्रालये व विभागांपैकी फक्त ३६ धरून एकूण ६४ यंत्रणांचे अभिलेख त्यांच्याकडे आहेत, आणि १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांचे अभिलेख नाहीत. आपल्या मंत्रालयाने छाननीचा वार्षिक तक्ता संकेतस्थळावर टाकावा: किती फाइली पाहिल्या, किती उतरवल्या, किती पाठवल्या. विषय देऊ नका, आकडे पुरेत.

शेवटी सरकारबाहेरची माणसे. उद्योगपती, निवृत्त राजदूत, संपादक, पक्षांचे नेते निरोप नेतात-आणतात, आणि त्यांच्यावर १९९३ चा कायदा चालत नाही. पण निरोप घेणारा अधिकारी कायद्यात आहे. निरोप मिळाला की त्याने दोन दिवसांत टिपण लिहावे, निरोप्याचे नाव बंद पाकिटात ठेवले तरी चालेल. अशा माणसांच्या घरच्या पेट्या त्यांच्यामागे कुटुंबाकडे राहतात. खासगी व्यक्तींकडून देणगीने वा खरेदीने कागद घेण्याची मुभा कायदाच राष्ट्रीय अभिलेखागाराला देतो. कुटुंबाशी करार करताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कौटुंबिक पत्रे वेगळी काढण्याचा हक्क, कागद किती वर्षे बंद राहतील, आणि सरकारी मूळ प्रत सापडल्यास ती परत मंत्रालयाकडे जाईल. प्रताधिकाराचाही विसर पडू नये. आलेल्या पत्राचा कागद पेटीच्या मालकाचा असतो, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या हयातीत न छापलेल्या पत्रावर तो मृत्यूनंतरही, पहिल्या प्रकाशनापासून ६० वर्षे चालतो. म्हणून पेटीत ज्यांची पत्रे आहेत त्या लेखकांची यादी सुरुवातीलाच करावी.

आदेशाचा मसुदा येत्या बदल्यांच्या आधी जाहीर करून आपण सूचना मागवाव्यात, म्हणजे नव्या नेमणुकीवर निघणाऱ्या प्रत्येक राजदूताच्या हाती तो पडेल. मसुद्यावर कलमवार काम करायला आम्ही तयार आहोत.

आपले विनम्र,
राजनयाच्या इतिहासाचे काही अभ्यासक आणि अभिलेखपाल