फ्रेमवाल्या काकांना, पेडण्याहून

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र उघडपणे का लिहितो आहे, ते आधी सांगणे बरे. गेल्या ऑक्टोबरात मुंबईत काळा घोड्याजवळच्या एका लहान दालनात माझ्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा दाराशी लावलेल्या आभाराच्या फलकावर अकरा नावे होती. दीपप्रज्वलनाला आलेले पाहुणे, पुस्तिकेचे शुद्धलेखन तपासणारे मित्र, इतकेच काय, ज्याच्याकडे मी आठवडाभर उतरलो तो मावसभाऊसुद्धा त्यात होता. तुमचे नाव मात्र नव्हते. फलक मी पणजीहूनच छापून आणला होता आणि तेव्हा तुमची माझी ओळखही नव्हती, हे खरे. पण प्रदर्शन चालू असताना त्यावर एक ओळ वाढवणे काही अवघड नव्हते, आणि ते मला सुचले नाही. आता नाव छापण्यासाठी तुम्हाला फोनवर परवानगी विचारली, तर तुम्ही म्हणालात, “नाव कित्याक? नावान फ्रेम सरळ रवता काय?” तेव्हा नाव याही वेळी राहिले, बाकीचे तरी लिहू द्या.

आमच्या पेडणे तालुक्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांची चोवीस छायाचित्रे मांडायला मी रविवारी पहाटे कोकणकन्येने मुंबईत उतरलो. फ्रेमी आदल्या दिवशी टेंपोने पुढे गेल्या होत्या. दालनाच्या मागच्या खोलीत गुंडाळी सोडली, तेव्हा तीन काचा तडकलेल्या निघाल्या, आणि त्याहून वाईट म्हणजे चार छायाचित्रे काचेला चिकटलेली होती. काचा बदलता येतात; चिकटलेला कागद सोडवायला गेले की वरचा शाईचा थर काचेवरच राहतो. दालनाच्या बाईंनी तुम्हाला फोन केला. तुम्ही आलात, एक फ्रेम उलटी करून मागची टेप नखाने उचललीत, आतल्या पुठ्ठ्याला हात लावून पाहिलात आणि मला एवढेच विचारलेत, “हे पावसात बांधले होते?”

ते पावसातच बांधले होते. गोव्यात जुलै-ऑगस्टात भिंतींनाही घाम सुटतो, त्या हवेत कागदाने आणि पुठ्ठ्याने ओल धरली, आणि वरून पाठीला चारही बाजूंनी टेप मारून आम्ही ती ओल आत कोंडून टाकली. शिवाय खर्च वाचवण्यासाठी चार मोठ्या चित्रांना माउंटच घातला नव्हता. माउंट ही चित्राभोवतीची नुसती शोभेची पट्टी असते, असाच तोवर माझा समज होता. काच आणि कागद यांच्यात हवेला जागा राहावी म्हणून तो असतो, हे तुम्ही मला चिकटलेले चित्र हातात धरून दाखवलेत. आमच्याकडच्या फ्रेमवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने मी सांगितले तसेच केले, आणि सांगणाऱ्यालाच काही ठाऊक नव्हते.

पुढचे दोन दिवस आणि दोन रात्री कशा गेल्या, हे तुम्हाला सांगायला नको. ती चार चित्रे तुमच्या ओळखीच्या माणसाकडे चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाच्या कॉटन कागदावर पुन्हा छापली गेली आणि उरलेल्या वीस फ्रेमी तुमच्या गिरगावातल्या माळ्यावर उघडल्या गेल्या. त्या माळ्यावरची एक गोष्ट मात्र मी कधी विसरणार नाही. तुम्ही माझ्या एका मिठाच्या ढिगाच्या चित्राभोवती आधी पांढराशुभ्र माउंट ठेवलात आणि मला लांब उभे केलेत. मीठ राखेसारखे दिसू लागले. मग तो उचलून थोडा मळकट, सुती कापडाच्या रंगाचा माउंट ठेवलात, आणि तेच मीठ उन्हात चमकावे तसे चमकले. कागद तोच, शाई तीच. शेजारी जास्त पांढरे काही असले की चित्रातला पांढरा मरतो, हे मी सहा वर्षे मिठाचे फोटो काढूनही शिकलो नव्हतो.

काम करता करता तुम्ही बोलत होतात, आणि ते ऐकण्यासारखे होते. केकू गांधी यांनी १९४१ साली केमोल्ड या नावाने फ्रेमांचा व्यवसाय काढला, त्या दुकानात तरुण चित्रकारांची चित्रे लागू लागली, आणि त्यातूनच १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली, हे सांगताना तुमच्या आवाजात जो हक्क होता तो मला फार आवडला. जहांगीर १९५२ ची. तिथे पायरीवर बसून डबा खाल्ल्याच्या तुमच्या आठवणी वेगळ्याच. मी पेडण्याचा आहे असे कळल्यावर तुम्ही पट्टी कापायची थांबवून मला भाऊ दाजींची आठवण करून दिलीत. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचे नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे आमच्या मांद्र्याचे, एवढे मला शाळेपासून माहीत होते. परंतु १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या कामात त्यांचे बंधू नारायण दाजी होते आणि ते स्वतः छायाचित्रकार होते, हे मला वेंगुर्ल्याच्या माणसाकडून गिरगावात कळावे, याची थोडी लाज वाटली.

सोमवारी संध्याकाळी सातला आधीचे प्रदर्शन उतरले आणि भिंती आपल्या ताब्यात आल्या. मी कागदावर आराखडा काढून आणला होता, चोवीस चित्रे, दोन रांगांत. तो पाहून तुम्ही जे बोललात ते माझ्या बायकोला सांगितले, तेव्हापासून आमच्या घरात ते वाक्य पाहुण्यांच्या जेवणापासून भाषणांपर्यंत सगळीकडे वापरले जाते: “सगळाच एकदम वाढलंस तर जेवतलो कोण?” पाच चित्रे तुम्ही खाली ठेवलीत. त्यात माझा लाडका सूर्यास्त होता, जो मी प्रवेशालाच लावणार होतो. मी वाद घातला, रागावलोही. तुम्ही काही न बोलता तो सूर्यास्त दारासमोर टेकवून ठेवलात आणि मला बाहेर जाऊन पुन्हा आत यायला सांगितलेत. आत आल्यावर मला कॅलेंडर दिसले. खरोखर कॅलेंडर.

त्या जागी तुम्ही टाचांचे चित्र लावलेत. मिठागराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करणाऱ्या एका मावशीच्या त्या टाचा, भेगांत मीठ आणि चिखल भरलेला. मी ते चित्र संख्या भरावी म्हणून आणले होते. तुम्ही त्याला अख्खी लहान भिंत दिलीत, शेजारी दुसरे काही नाही.

मग दोरा, ओळंबा आणि पाणसळ निघाली. चित्र केवढेही असो, त्याचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, हा तुमचा नियम. खिळा कुठे ठोकायचा याचा हिशेब तुम्ही मला भिंतीवर पेन्सिलीने लिहून दाखवलात: ५७ मध्ये फ्रेमची निम्मी उंची मिळवायची आणि मागची तार बोटाने ताणल्यावर वरच्या कडेपासून जेवढी खाली राहते तेवढे वजा करायचे. शेवटी तो हिशेब खोडरबराने पुसून टाकलात, तेव्हा मला वाईट वाटले. रस्त्याकडच्या खिडकीसमोर मी रात्रीची, काळोखी चित्रे लावायला घेतली होती. काळ्या चित्रावरची काच आरशासारखी वागते आणि बघणाऱ्याला त्यात स्वतःचा शर्ट दिसतो, असे म्हणून तुम्ही तिथे उजळ मिठाची चित्रे नेलीत. पहाटे दोनच्या सुमारास एक फ्रेम एका सुताने डावीकडे झुकली आहे असे तुम्हाला वाटले. मला काहीच दिसत नव्हते. पाणसळ लावली, तर बुडबुडा रेघेला टेकलेला.

मंगळवारी उद्घाटन झाले. तुम्ही आला नाहीत. जाण्याआधी म्हणाला होतात की उद्घाटनाला लोक माणसे बघायला येतात, चित्रे बघायला नाही, आणि मी बुधवारी दुपारी कोपऱ्यात खुर्ची टाकून गप्प बसावे. पहिला भाग तंतोतंत खरा ठरला. दिवा लागला, भाषणे झाली, हातात पेले घेऊन मंडळी भिंतींकडे पाठ करून तास दीड तास छान बोलली. मी त्यांना नावे ठेवत नाही. पणजीत सुनापरान्त कलाकेंद्रात किंवा डिसेंबरच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात उद्घाटनाच्या दिवशी मीही असाच उभा असतो.

बुधवारी दुपारी मात्र जे पाहिले त्यासाठीच मुळात हे पत्र आहे. तीनच्या सुमारास एक वयस्कर बाई आल्या, हातात भाजीची पिशवी. रांगेने चालत गेल्या, सुरुवातीला कुठे फारशा थांबल्या नाहीत. टाचांसमोर आल्या आणि पिशवी खाली ठेवली. मी घड्याळ बघितले नाही, पण बाहेरच्या सिग्नलवर गाड्या बऱ्याच वेळा थांबून सुटल्या असतील. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, “आगरवाड्याची काय?” मी हो म्हणालो. लग्नाआधीची दहा वर्षे त्यांची आई त्याच काठाला कामाला जात असे, असे त्यांनी सांगितले, आणि चपलेतून स्वतःचा पाय थोडा बाहेर काढून त्याच्याकडे पाहिले. मग पिशवी उचलून त्या गेल्या. अभिप्रायाच्या वहीत त्यांनी काही लिहिले नाही.

ते चित्र तुम्ही दोन रांगांत कुठेतरी चौदावे म्हणून लागू दिले असते, तर त्या पुढे निघून गेल्या असत्या. सामानाचे आणि मजुरीचे पैसे तुम्ही पावती करून पुरेपूर घेतलेत, आणि तेच योग्य झाले. मला संकोच वाटू दिला नाहीत. पण पाच चित्रे खाली ठेवण्याची मजुरी त्या पावतीत कुठेच नाही.

उरलेल्या फ्रेमी घरी सुखरूप पोहोचल्या आहेत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाठीला टेपऐवजी कागद लावला आहे, आणि त्या भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळीवर उभ्या ठेवल्या आहेत. येत्या थंडीत हेच प्रदर्शन पेडण्यात एखाद्या शाळेच्या सभागृहात लावायचा विचार आहे. ५७ इंचांची खूण केलेली एक काठी मी सुताराकडून करून घेतली आहे. मुलांसाठी ती थोडी खाली घ्यावी का, हे तुम्हाला विचारायचे होते.

या पत्राबरोबर वेगळ्या टपालाने एक गुंडाळी पाठवतो आहे. टाचांच्या चित्राची ती प्रत आहे, मागे पेन्सिलीने सही केलेली. सोबत आगरवाड्याचे दोन किलो मीठ आहे, ते मात्र वेगळे बांधले आहे, काळजी नसावी. चित्राला फ्रेम केलेली नाही. ती तुम्हीच करून घ्या. माझ्या हातून पुन्हा टेप मारली जायची.

तुमचा,
पेडण्याचा फोटोवाला