डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपीचे एक पान हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन असतो. त्या दिवशी रुग्णालयांत फलक लागतात, शिबिरे होतात. दुसऱ्या दिवसापासून रुग्ण पुन्हा म्हणतो, ‘शेक घ्यायला जातोय’, ‘करंट लावून आलो’, ‘दहा सीटिंग सांगितल्यात’. मुंबईत या व्यवसायाची ओळख शेक आणि करंट एवढीच उरावी, हे मनाला लागते. देशातले फिजिओथेरपीचे शिक्षण याच शहरात, परळला सुरू झाले, आणि ते यंत्रे चालवायला माणसे हवीत म्हणून सुरू झालेले नव्हते.

कारण होते पोलिओ. १९५० च्या आसपास मुंबईत पोलिओची मोठी साथ होती. हा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. स्पर्श कळतो, बुद्धी शाबूत राहते, पाय तेवढा लुळा पडतो. साल्क यांची लस आली १९५५ मध्ये. तोवर ताप उतरला की औषधाचे काम संपायचे आणि खरे काम तिथून सुरू व्हायचे. कोणता स्नायू पुरता गेला, कोणता अर्धा उरला, उरलेल्याला किती राबवायचे, आणि वाढत्या वयात पाय वाकडा होऊ नये म्हणून काय करायचे? हे जाणणारी माणसे देशात जवळपास नव्हती. म्हणून महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय काढले. त्याच केईएममध्ये १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीच्या उपचारांचे शिक्षण सुरू केले होते. बाई जन्माने अमेरिकन, सून मराठी घरातली. त्यांचे नाव आज परळमध्येही फार जणांना ठाऊक नसते. १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी फिजिओथेरपिस्टांची देशव्यापी संघटनाही स्थापन झाली.

त्या पोलिओच्या वॉर्डांत या व्यवसायाचे सर्वांत महत्त्वाचे हत्यार होते मोजमाप. स्नायूची ताकद ० ते ५ अशी मोजतात. काहीच हालचाल नाही तर ०. बोटाखाली नुसती थरथर लागली तर १. वजनाचा भार काढून घेतल्यावर सांधा हलला तर २. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हलला तर ३. थोडा विरोध पेलला तर ४, पुरता पेलला तर ५. हे आकडे केवळ नोंदवहीसाठी नसतात, त्यांवरून व्यायाम ठरतो. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद २ असेल तर ‘खुर्चीत बसून गुडघा सरळ करा’ हा व्यायाम त्याला जमणारच नाही. रुग्ण कंबर मागे टाकून, मांडी उचलून कसाबसा पाय हलवतो, दमतो, आणि ज्या स्नायूसाठी हे चालले आहे तो मात्र कामच करत नाही. अशा वेळी त्याला कुशीवर झोपवायचे, पायाखाली गुळगुळीत फळी ठेवून तिच्यावर पावडर भुरभुरायची आणि घसरवत गुडघा सरळ करायला लावायचे. ३ आला की मग बसून. ३ पक्का झाला की घोट्याला वजन. एक पायरी चुकली तर महिने वाया जातात. पोलिओने अर्धवट निकामी झालेल्या स्नायूला अति राबवले तर तो आणखी दुबळा होतो, हेही त्याच काळात कळलेले आहे.

मालिशवाले म्हणून हिणवले जाण्याचा इतिहास याहून जुना. १८९४ मध्ये लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरधंद्यांचा बोभाटा झाला, तेव्हा आपले काम त्या बदनामीत बुडू नये म्हणून चार परिचारिकांनी संघटना काढली. परीक्षा ठेवली, आणि डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कोणावर उपचार करायचे नाहीत असा नियम घातला. आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपी संघटनेचे मूळ तेच. पुढे पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून आलेल्या सैनिकांनी या कामाला मसाजच्या पुढे नेले. आपल्याकडे महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणारी राज्य परिषद आली, २०२१ मध्ये केंद्राचा कायदा झाला. तेव्हा वाचकांनी उपचार घेण्याआधी नोंदणी क्रमांक जरूर विचारावा. तो विचारण्यात कोणाचाही अपमान नाही.

आता ‘दहा सीटिंग’विषयी. १९४५ मध्ये थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी गुडघा दुखावलेल्या सैनिकांना जड वजनाचे व्यायाम देऊन दाखवले. त्यातून आलेली पद्धत साधी आहे. जे वजन माणूस जेमतेम दहा वेळा उचलू शकतो ते शोधायचे. पहिल्या दहा वेळा त्याच्या निम्मे, पुढच्या दहा वेळा पाऊणपट, शेवटच्या दहा वेळा पूर्ण वजन. ते दहाच्या वर जमू लागले की वजन वाढवायचे. ताकद येते ती हळूहळू वाढवलेल्या भाराने. झोपून पंधरा मिनिटे गुदगुल्या करणाऱ्या करंटने येत नाही. शेकाने स्नायू सैल होतो, टेन्सने, म्हणजे त्वचेवरून दिलेल्या सौम्य करंटने, थोडा वेळ दुखणे कमी जाणवते, आणि त्या थोड्या वेळात व्यायाम करून घेता आला तर त्यांचा उपयोग आहे. व्यायामच झाला नाही तर दहा दिवसांनी दुखणे जिथल्या तिथे. कोणते उपचार द्यावेत याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), टेन्स आणि इंटरफेरेन्शियल (करंटचाच आणखी एक प्रकार) देऊ नये, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. असे असताना कंबर धरून, गर्दीची लोकल पकडून, रोज फक्त यंत्राखाली झोपायला माणसे जातात. आमच्या व्यवसायातल्या ज्यांनी ही सवय लावली, त्यांनीही याचे उत्तर द्यायला हवे.

मला सर्वांत जास्त खटकते ते मात्र रुग्णालयातून घरी जाताना हातात पडणारे कार्ड. त्यावर औषधाच्या गोळीची मात्रा, वेळ, दिवस, सारे असते. व्यायामापुढे असतात दोनच शब्द: ‘फिजिओ अ‍ॅडव्हाइज्ड’, म्हणजे फिजिओथेरपी घ्यावी. किती, कसा, किती वेळा, कधीपर्यंत, काही नाही. गोळीच्या बाबतीत असे कोणी खपवून घेतले नसते.

गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णाचे पाहा. घरचे प्रेमाने गुडघ्याखाली उशी देतात. आराम वाटतो, आणि गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडत जातो. उशी द्यायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने सरळ होतो. सूज आली की मांडीचा स्नायू जणू बंद पडतो; इच्छा असूनही आवळता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून गुडघा गादीवर दाबून पाच सेकंद धरायचा, दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. जागे असताना दर तासाला घोटे दहा-वीस वेळा वरखाली, रक्त साकळू नये म्हणून. गुडघा साध्या चालण्यात साधारण ६० ते ६५ अंश वाकतो, जिन्याला ९० च्या आसपास लागतात, बुटक्या खुर्चीतून उठायला १०० च्या वर. चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला ७० अंशांवर घरी सोडले, तर तो वर जाईल खरा, पण खाली उतरायला धजणार नाही. कार्डावर त्या दिवशीचा अंश लिहिलेला असेल तर दोन आठवड्यांनी पाहणाऱ्याला कळेल, गुडघा पुढे सरकला की अडला.

पक्षाघाताच्या रुग्णाचा लुळा हात धरून, ओढून उठवणे ही घरोघरी होणारी चूक. खांद्याचे खोबण उथळ असते, हाड जागेवर धरतात ते स्नायू, आणि तेच गेलेले असतात. ओढल्याने खांदा खाली सरकतो आणि पुढे दुखणे इतके वाढते की रुग्ण हाताला हात लावू देत नाही. आधार द्यावा तो खांद्याच्या फऱ्यामागे आणि कमरेला. बसवल्यावर हाताखाली उशी. दर दोन तासांनी कूस बदलणे आलेच. लवकर हालचाल चांगली, पण पहिल्या २४ तासांत वारंवार उभे करून दमवल्याने फायदा न होता नुकसान झाल्याचे दिसले आहे. घाई आणि हयगय यांच्या मधला मार्ग प्रत्येक रुग्णासाठी वेगळा असतो, आणि तो लिहून द्यावा लागतो.

काठीचेही तेच. ती दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, विरुद्ध हातात धरायची. तेव्हाच खुब्यावरचा भार हलका होतो. रोजच्या चपला घालून सरळ उभे राहावे, हात मोकळा सोडावा, मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. काठीच्या टोकाचे रबर गुळगुळीत झाले की लगेच बदलावे. पावसाळ्यात स्टेशनच्या ओल्या लादीवर झिजलेले रबर म्हणजे खुब्याच्या फ्रॅक्चरला आमंत्रण.

म्हणून महापालिकेच्या आणि खासगी रुग्णालयांना एकच मागणी. हाडाच्या, मेंदूच्या, हृदयाच्या आणि अतिदक्षता विभागातून घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डाला फिजिओथेरपीचे एक पान जोडावे, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. त्यावर सोडतानाची मोजमापे असावीत: सांध्याचा अंश, स्नायूची ० ते ५ मधली ताकद, न थांबता किती पावले चालतो, किती पायऱ्या चढतो. पाचाहून अधिक व्यायाम नकोत, कारण जास्त दिले की एकही होत नाही. प्रत्येकापुढे किती वेळा, किती सेकंद, दिवसातून कितीदा. काय करू नये याच्या दोन ओळी. पुन्हा मोजायची तारीख. खाली सही आणि नोंदणी क्रमांक. यासाठी नवे यंत्र लागत नाही, लागतो तो सोडण्याच्या दिवशी रुग्णाजवळ अर्धा तास बसणारा फिजिओथेरपिस्ट. आणि तिथे पद रिकामे असेल तर ते भरावे लागेल.

त्या पानाच्या तळाशी एक ओळ ठळक छापावी: एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखू लागली तर मालिश करू नका, व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात या, सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणही न दवडता या. साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि घरात त्या वेळी कोणीतरी तेलाची बाटली घेऊन बसलेले असते.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट, परळ, मुंबई